सात भोकांची डहाळी

न्यूरेंबर्गच्या सोनारांत असा नियम होता की सोनार मेला तर त्याच्या बायकोनं वर्षभर दुकान चालवावं, आणि वर्ष सरलं की एकतर सोनाराशीच दुसरं लग्न लावावं, नाहीतर भट्टी विझवून हत्यारं विकून टाकावीत. हा नियम ज्यानं केला त्याला बायको नसणार. तिसरी एक वाट होती, पण ती नगरसभेतून जायची. अर्ज करायचा, आणि कारागिरांचा कारभार बघणाऱ्या सरकारांनी मुदत वाढवून दिली तर दिली. वोल्फ सोनाराची विधवा कुनिगुंड, तिचं वर्ष सप्टेंबरअखेर, संत मिखाएलच्या सणाला सरत होतं. अर्ज तिनं उन्हाळ्यातच करून ठेवला होता. दुसऱ्या लग्नाचं नाव काढलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा, कारण नवरा आयता तयार होता.

तो आयता नवरा म्हणजे सिक्स्ट, सोनारांचे पंच एंड्रेस होलफेल्डर यांचा मेहुणा. सिक्स्ट परवाना मिळालेला सोनार होता, पण त्याला ना दुकान होतं ना गिऱ्हाईक. होतं ते पोट, आणि ते दिवसेंदिवस वाढत होतं. एंड्रेस आठवड्यातून एकदा पंच म्हणून चांदी तपासायला यायचे, आणि चांदी तपासून झाली की बाकड्यावर बूड टेकायचे.

"वहिनी, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"माझ्या भल्याची काळजी तुम्हाला रोजच वाटते, भावजी. एखादा दिवस सुट्टी घ्या."

"थट्टा करा. पण मी सभेला लिहून दिलंय, ते तुमच्या कानावर असावं. पाठीमागून नाही लिहिलं. वोल्फ माझा मित्र होता. या दुकानाची नजर होती ती वोल्फची, आणि ती त्याच्याबरोबर मातीत गेली. बाईमाणूस पसारा सांभाळेल, कारागिराला जेवायला घालेल. पण नजर कुठून आणणार?"

कुनिगुंडनं हातातली कानस खाली ठेवली, नाहीतर ती एंड्रेसच्या टाळक्यात बसली असती.

खरी गोष्ट अशी होती की या दुकानाचं नाव ज्या कामानं झालं होतं ते काम तिचं होतं. पालापाचोळा, सरडे, बेडूक, नाकतोडे असं खरंखुरं धरून त्यावर साचा ओतायचा, भट्टीत साचा भाजला की आतला जीव जळून राख व्हायचा, राख फुंकून काढायची आणि त्या पोकळीत चांदी ओतायची. मग चांदीचा सरडा निघायचा, तो खवल्यानखवल्यासकट. ओतायचं काम वोल्फ करायचा, ठसा त्याचा, नाव त्याचं. पण मेलेला सरडा मातीच्या पाटीवर असा मांडायचा की तो आता पळेल असं वाटावं, पानाची मुरड न मोडता, चांदी आत शिरायला वाट म्हणून त्याला मेणाच्या काड्या लावायच्या, हे सगळं कुनिगुंडच्या बोटांचं. वोल्फ हे घरात मान्य करायचा. घराबाहेर कुणी विचारलं नाही आणि त्यानंही आपणहून सांगितलं नाही. चांगला नवरा होता, पण त्याचा तेवढा राग तिला अजून होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात योबस्ट राइसनेक स्वतः दुकानात आले. हेच ते सरकार, ज्यांच्या टेबलावर तिचा अर्ज पडून होता. कुनिगुंडला वाटलं, नकार सांगायला आले. पण त्यांनी कोटाच्या आतून एक प्रार्थनेचं पुस्तक काढलं, उघडलं, आणि दोन पानांमधली एक वाळलेली डहाळी दाखवली. भिंतीकडेला उगवणारं साधं रानरोप होतं ते. गोल गोल पानं, आणि चपटी नखाएवढी फळं, ज्यांना पोरं चीज म्हणतात आणि बाहुल्यांच्या पंगतीत वाढतात.

"माझ्या मुलीनं तोडलं होतं. फेलिट्सीनं," ते म्हणाले. "आजारी पडायच्या आदल्या दिवशी."

त्या उन्हाळ्यात तापानं शहरातली पुष्कळ लेकरं गेली होती. राइसनेकांची पाच वर्षांची मुलगी गेली हे कुनिगुंडला माहीत होतं, कारण त्या दिवशी घंटा फार वेळ वाजली होती.

"तिच्या आईसाठी हवंय. एका डबीच्या झाकणावर. मला नीट सांगता येत नाही... पण जसं आहे तसं हवं. सुंदर करू नका."

"नाही करणार, सरकार."

"अर्जाचं वेगळं. त्याचा याच्याशी संबंध नाही, हेही सांगून ठेवतो."

"हो, सरकार," ती म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं की संबंध आहे. ही डहाळी बिघडली तर त्या माणसाला या दुकानाचं तोंड पुन्हा बघवणार नव्हतं.

तीन दिवस कुनिगुंड त्या डहाळीला बसली. ओल्या फडक्याखाली, वाफेवर धरून, एकेक पान मऊ करून तिनं ते पुन्हा झाडावर असल्यासारखं उभं केलं. पाच पानं होती. पानांना भोकं होती, एकूण सात. तिनं ती मोजली असं नाही, तीन दिवस कशाकडे बघत बसलं की ते आपोआप पाठ होतं. साचा भरला, वाळवला, भाजला. लीनहार्टनं भाता धरला, तिनं राख फुंकली, आणि चांदी ओतली.

हा लीनहार्ट म्हणजे दुकानातला एकुलता एक कारागीर. तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासून होता, साठीला टेकला होता. स्वतःचं दुकान कधी झालं नाही, म्हणून लग्न नाही, म्हणून घर नाही, हेच घर. कुनिगुंडला तो अजून सूनबाई म्हणायचा. डहाळी मांडली तेव्हा तो आठवडाभर बहिणीकडे फ्युर्टला गेलेला होता, परतला तो साचा बंद झाल्यावर. कुनिगुंड त्याला एवढंच म्हणाली होती, "सरकारांच्या घरचं काम आहे काका, जीव लावून करायचं." बाकी काही बोलली नाही. सांगायचं राहून गेलं, आणि त्याचं खापर तिनं पुढे कधी दुसऱ्यावर फोडलं नाही.

साचा पाण्यात विरघळला आणि डहाळी बाहेर आली. देठावरची लव सुद्धा उतरली होती. कुनिगुंडचा जीव भांड्यात पडला. शनिवार होता. "चांदीच्या काड्या कापा, आम्लात टाकून पांढरी करा, तोवर मी हेरिंग घेऊन येते," असं सांगून ती बाजारात गेली. तिथं मासेवालीशी भांडण झालं, कारण हेरिंग कालचे होते. मग एक ओळखीची भेटली. एकूण यायला दुपार झाली.

ती आली तेव्हा लीनहार्ट बाकड्यापाशी हात बांधून उभा होता, आणि चेहऱ्यावर असं हसू की जसा काही पोपच भेटून गेला.

"काही विचारू नको, सूनबाई. आधी बघ."

तिनं बघितलं. डहाळी स्वच्छ, पांढरी, लखलखीत. पाच पानं, पाचही अख्खी. एकाही पानाला भोक नाही.

"काका," ती म्हणाली.

"राख राहिली होती गं आत. सात ठिकाणी भोकं पडली होती. होतं कधी कधी, वोल्फच्या हातूनही व्हायचं. म्हटलं तुला कळायच्या आत बुजवतो, तुझ्या जिवाला घोर नको. त्या एंड्रेसला कळलं असतं तर गावभर डांगोरा पिटला असता की बाईला ओतता येत नाही. काठ कानशीनं सरळ करून घेतले, एकेक ठिगळ मापानं कापलं, टाकणखार लावून झाळलं, आणि वरून शिरा कोरल्या. ओळखून दाखव कुठं होतं ते!"

ओळखता येत नव्हतं. खरं सांगायचं तर असं काम करणारा दुसरा माणूस त्या शहरात नव्हता. कागदासारख्या पानाला झाळ लावायची आणि पान वितळू द्यायचं नाही, वर शीर अशी ओढायची की ती एका काठापासून दुसऱ्यापर्यंत न अडखळता जावी. साठीच्या म्हाताऱ्यानं एका सकाळीत सात ठिगळं बसवली होती.

कुनिगुंड स्टुलावर बसली. मांडीवर हेरिंगची टोपली तशीच.

"ती भोकं अळीनं पाडलेली होती, काका."

"अळीनं?"

"पानं किडकी होती. त्या पोरीनं किडकी पानंच तोडली होती. तशीच हवी होती त्यांना."

लीनहार्टला ते समजायला वेळ लागला. "सूनबाई, अळीनं खाल्लेलं पान चांदीत कशाला करायचं?" असं तो विचारून बसला, आणि मग कशाला ते त्याच्या ध्यानात आलं. त्याचं हसू गेलं. त्यानं डहाळीकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते. कुनिगुंडला त्याला फाडून खावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. शेवटी तिनं दोन्ही केलं नाही, हेरिंग नेऊन खारवणात टाकले.

मूळ डहाळी जळून गेली होती. साचा विरघळून नालीत गेला होता. झाळ तापवून ठिगळं काढता आली असती, पण काय उपयोग? काठ कानशीनं सरळ झाले होते. अळीचे दात गेले ते गेलेच.

रविवारी चर्चहून आल्यावर लीनहार्ट म्हणाला, "तुला ती पाठ आहेत ना? तू सांग, मी पाडतो. काठ कुरतडल्यासारखे करतो. मी शपथेवर सांगतो, त्यांच्या बापाला कळणार नाही."

"त्यांचा बाप मेलाय."

"मग तर नाहीच कळणार."

तिला हसू आलं, आणि हसल्याचा रागही आला. तिनं एका रद्दी पत्र्यावर एक भोक पाडून बघितलं. बारीक छिन्नीनं, मग सुईनं, काठ खाऊन खाऊन. हुबेहूब झालं. अळीनंसुद्धा आपलंच म्हणून घेतलं असतं. सहा तासांचं काम, आणि दुकान वाचत होतं. सिक्स्टच्या पोटापासून सुटका होत होती. कुनिगुंड तो पत्रा हातात धरून बराच वेळ बसली, आणि तिला एकसारखी ती आई दिसायला लागली. ती बाई रोज त्या भोकांवरून बोट फिरवणार. जन्मभर. आणि ती भोकं असणार कुनिगुंडनं पाडलेली.

"नाही काका," ती म्हणाली. "मला नाही जमायचं."

"जमलंय की! हे काय हातात!"

"हात म्हणत नाहीये मी."

सोमवारी राइसनेक आले. कुनिगुंडनं डहाळी त्यांच्यापुढं ठेवली आणि ते नीट बघायच्या आतच सांगून टाकलं. आधी बघू दिलं असतं तर तिचं धैर्य टिकलं नसतं. काय झालं, कसं झालं, मूळ काहीच उरलं नाही, सगळं. राइसनेकांनी टोपी काढून बाकड्यावर ठेवली. चेहऱ्यावर काही दिसेना.

"कुणी केलं?"

"माझ्या दुकानात झालं, सरकार."

"मी विचारलं, कुणी केलं."

"मी पण तेच सांगितलं. दुकान माझं आहे. सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही."

"मी केलं!" भट्टीमागून लीनहार्ट ओरडला आणि पुढं आला, डोळे लाल. "या बाईचा काही दोष नाही. मी गाढव आहे. चाळीस वर्षं भट्टीपाशी बसून गाढवच राहिलो. मला काय हवं ते करा."

"काका, तुम्ही गप्प बसा."

"नाही बसणार!"

राइसनेकांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग ते स्टुलावर बसले. डहाळी त्यांनी उचलली, एक एक पान उजेडाला धरलं.

"मी त्या डहाळीकडे कधी नीट बघितलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पुस्तक उघडायचो आणि मिटायचो. बघवायचं नाही. म्हटलं, चांदीची झाली की बघू. भोकं होती एवढं माहीत आहे. कुठं होती, मला सांगता येणार नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्हाला सांगता येईल?"

कुनिगुंड त्यांच्या शेजारी उभी राहिली. डहाळीला बोट न लावता तिनं सांगायला सुरुवात केली. सगळ्यात खालचं पान, काठाला दोन भोकं, एक मसुराएवढं, एक त्याहून लहान, मध्ये एक धागा राहिलेला. दुसऱ्या पानाला एकच, लांबट, शिरेपर्यंत येऊन थांबलेलं. अळीला शीर आवडली नसावी. तिसरं पान सगळ्यात खाल्लेलं, तीन भोकं, काठ तपकिरी, कोरडे. म्हणजे ती जुनी. चौथं पान कोवळं होतं, त्याला काही नव्हतं.

"आणि पाचवं?"

"पाचव्याला एक. पण ते अळीचं नव्हतं, सरकार."

राइसनेकांनी मान वर केली.

"अळीनं खाल्लं की काठ कुरतडलेला असतो आणि सुकून तपकिरी होतो. याचा काठ फाटलेला होता. चार तुकडे, हिरवेच वाळलेले, आणि चारही वरच्या अंगाला उलटलेले. म्हणजे पान ताजं असताना कुणीतरी खालून काहीतरी घातलं आणि वर काढलं. मी मांडताना ते तुकडे तसेच उभे ठेवले होते. काकांना वाटलं जास्तीची चांदी आली आहे, त्यांनी कानशीनं घासले."

"काय घातलं होतं?"

"मला तेव्हा कळलं नाही. गोल होतं, टोकाला निमुळतं." तिनं बाकड्यावरच्या सळया चाळल्या आणि एक उचलून त्यांना दाखवली. "एवढं जाड."

त्यांनी ती सळई हातात घेऊन बोटांत फिरवली. मग त्या उंच, ताठ माणसाच्या तोंडून असा आवाज निघाला की लीनहार्टनं घाबरून त्यांचा दंड धरला. ते रडत होते. पुरुषाला रडताना बघायची सवय नसली की कुठं बघावं कळत नाही, तसं कुनिगुंडचं झालं. तिचेही डोळे भरून वाहत होते, आणि नाक पुसायला हाताशी होतं ते फक्त काजळीचं फडकं.

"ती असंच करायची," राइसनेक म्हणाले. "पानात बोट घालून टोपी म्हणायची. बोटाला टोपी. मला दाखवायला आली होती त्या दिवशी. मी लिहीत होतो. म्हटलं, नंतर."

त्यांनी तोंड पुसलं, आणि पुन्हा बोलले तेव्हा आवाज सभेतला होता, जरा घोगरा एवढंच. "मागे मला एका पंचानं लिहून दिलंय की या दुकानाला आता नजर नाही. ते मी आज फेटाळतो. दुकान तुमचं. तुम्ही आहात तोवर तुमचं, लग्न करा न करा. कागद गुरुवारी येईल."

वर्षभर कुनिगुंडनं ज्या शब्दांची वाट बघितली ते समोर येऊन उभे राहिले, आणि तिच्या मनात होती ती फक्त पानाची टोपी.

"डहाळी दुरुस्त करून देऊ का, सरकार?" लीनहार्टनं भीत भीत विचारलं.

"अळीची भोकं राहू द्यात बुजलेली. अळीचं आम्हाला काय करायचंय." राइसनेकांनी सळई पुढं केली. "हे एवढं उघडता येईल?"

"येईल," कुनिगुंड म्हणाली. "पण ते माझ्या हातचं असेल, तिचं नाही. हे मी आत्ताच सांगते. बाईसाहेबांनाही सांगा."

"सांगीन. करा तुम्ही."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

लीनहार्टनं न सांगता भाता धरला. तिनं पाचवं पान तापवून मऊ केलं, ठिगळ खालच्या अंगानं खरवडून खरवडून इतकं पातळ केलं की त्यातून उजेड दिसायला लागला. मग खालून सळई लावली, देवाचं नाव घेतलं आणि हातोडीचा एकच ठोका दिला. चांदी फाटली. चार तुकडे झाले आणि वरच्या अंगाला उलटले. तिनं काठाला कानस लावली नाही.

राइसनेकांनी पान निवेपर्यंत वाट बघितली. मग डहाळी डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताची करंगळी खालून त्या भोकात घातली. ती नखापर्यंत गेली, पुढं गेली नाही.